एक ‘ही’ इकडचा तिकडे

माझा धाकटा भाऊ घड्याळं दुरुस्त करतो. केसाएवढा स्क्रू अचूक जागी बसवणाऱ्या या माणसाला एक साधा ‘ही’ जागेवर बसवता आला नाही, म्हणून हा सगळा घोळ.

त्याच्या दुकानासमोरच्या चष्म्याच्या दुकानातली मुलगी त्याला आवडायची. वर्षभर नुसती बघाबघी. शेवटी तिनेच धीर केला आणि मोबाईलवर सरळ कळवलं, ‘मला तू आवडतोस.’ आमच्या पठ्ठ्याने लगोलग उत्तर धाडलं, ‘मला तूही आवडतेस.’

‘आणखी कोण कोण?’ तिने विचारलं आणि त्यानंतर फोनच घेईना.

तो रडकुंडीला येऊन माझ्याकडे आला. मी छापखान्यात प्रुफं तपासते. दिवसभर लोकांच्या चुका काढून डोकं तापलेलं, त्यात हे महाशय.

“ताई, माझं काय चुकलं गं?”

“अरे शहाण्या, ‘मलाही तू आवडतेस’ म्हणायचं! ‘ही’ तिला चिकटवलास आणि बिचारीला रांगेत उभं केलंस.”

“मग आता?”

“आता ‘ही’चं नाव काढू नकोस. ‘च’ लाव, तोही ‘तू’ला. ‘मला तूच आवडतेस.’ म्हण बघू.”

“मला तू आवडतेसच.”

“भांडायला चाललायस का? पुन्हा म्हण!”

घोकून घोकून वाक्य पाठ झालं, तेव्हा मी त्याला ढकलतच चष्म्याच्या दुकानात नेलं. वरून रागावत होते, पण आतून धाकधूक होती. हे ध्यान पुन्हा कुणाला आवडेल, याची मला काडीचीही खात्री नव्हती.

ती काच पुसत होती. तिने मान वर केली नाही. धाकट्याने घसा खाकरला. कान लालबुंद झाले.

“मलाच तू आवडतेस!”

मी कपाळावर हात मारला. म्हणजे बाकी कुणालाच ती आवडत नाही! संपलं सगळं.

तिने काच खाली ठेवली.

“फक्त तुलाच?”

“हो,” तो घाबरून म्हणाला.

“दुसऱ्या कुणालाच नाही?”

त्याने इमानेइतबारे नकारार्थी मान हलवली. तिने ओठ घट्ट दाबून धरले, पण हसू फुटलंच.

“मग काय,” ती म्हणाली, “मला तूच!”

‘च’ अगदी जिथल्या तिथे. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. काढायला एकही चूक उरली नव्हती.