चुलीसकट शाळा

"इथे चूल बसणार नाही," सेपुल्वेदा साहेबांनी सांगितलं आणि नव्याकोऱ्या दाराला कुलूप लावलं.

"मग पावसाळ्यात माणसांनी बसायचं कसं?" एदेल्मिराने विचारलं.

"बसायचं नाहीच, बाई. बघायचं."

साहेब शहरातल्या वारसा खात्याचे. आमच्या बेटावरची किनाऱ्यालगतची जुनी लाकडी शाळा मुलं संपली म्हणून बंद पडली होती. खात्याने ती दुरुस्तीला घेतली तेव्हा भर बैठकीत कबूल केलं होतं, की ती गावाला बसाउठायला मिळेल. त्या शब्दावर आम्ही राबलो. फळ्या तासल्या, छपरावरची कुजकी लाकडी कौलं काढून नवी ठोकली. काम पुरं झालं आणि खात्याच्या लक्षात आलं, की इमारत फारच मौल्यवान आहे. इतकी मौल्यवान वस्तू ती बांधणाऱ्यांच्या नातवंडांच्या हाती देणं बरं दिसत नव्हतं.

"त्या चुलीवर मी जन्मभर पोरांचं सूप शिजवलं," एदेल्मिरा म्हणाली. "शाळा काही जळली नाही."

"तेव्हा ती नुसती शाळा होती. आता वारसा आहे."

एदेल्मिरा चिगुआय त्या शाळेची स्वयंपाकीण. तिच्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही, असं तिचंच मत होतं. मागच्या हिवाळ्यात तिचा नवरा नोल्बेर्तो वारला. आमच्याकडे मेलेल्यासाठी नऊ रात्री प्रार्थना असते. तिचं घर एका खोलीचं. अर्धं गाव आत, अर्धं बाहेर पावसात. बाहेरच्यांत नोल्बेर्तोचा धाकटा भाऊ आब्दोनही होता. पण घर राजवाडा असता तरी तो बाहेरच उभा राहिला असता. त्याने या घरात पाऊल न टाकण्याची शपथ घेतली होती. तेव्हापासून एदेल्मिराच्या डोक्यात एकच होतं: गावाला एक मोठी खोली हवी, आणि खोलीत चूल.

"जमीन तुमची का, साहेब?"

"खात्याची."

"आणि घर?"

साहेब हसले. "घर जमिनीवरच असतं ना? ते काय उठून चाललंय?"

आमच्या बेटांवर असं बोलणं जरा घाईचं ठरतं. इथे शेजाऱ्याशी पटेनासं झालं, की माणूस घर उचलून दुसरीकडे नेतो. खाली ओंडके सरकवायचे, बैल जुंपायचे आणि सगळ्या गावाने ओढायचं. याला मिंगा म्हणतात. मजुरी नाही, पोटभर जेवण, सफरचंदाची दारू, आणि उद्या तुमच्या घरासाठी आम्ही. साहेबांचा यात दोष नव्हता. शहरात माणसं घर सोडून जातात.

शाळाच ओढून गावच्या टेकडीवर न्यायचं ठरलं. अडचण एकच होती. मिंगासाठी घराच्या मालकाने दारोदार जाऊन स्वतः विनवावं लागतं. निरोप धाडला तर कुत्रंही येत नाही. शाळेचा मालक कोण, यावर बैठकीत पुष्कळ वाद झाला. शेवटी एदेल्मिरा उठली.

"माझी म्हणा. विनवायला मी जाते."

"तुझ्या नावावर कोंबडीसुद्धा नाही, बये," गावसमितीचे अध्यक्ष म्हणाले.

"म्हणूनच. सुरुवात जरा मोठी करते."

ती दारोदार गेली. "माझं घर हलवायचंय, या," एवढंच म्हणायची. लोक हसले आणि कबूल झाले. राहिला आब्दोन. पोरांकडे ट्रॅक्टर होते, पण ट्रॅक्टर हिसका देतो आणि जुनं घर मधोमध उसवतो. पुढे चालायला मुरलेली बैलजोडी लागते. ती फक्त आब्दोनकडे होती, आणि भांडणही त्याच्याशीच. नोल्बेर्तोचं घर ओढताना नोल्बेर्तोने ओढायची हाळी अगोदर दिली, आणि आब्दोनच्या बैलाचा पाय मोडला. एका भावाने माफी मागितली नाही; दुसऱ्याने विसरलं नाही.

एदेल्मिरा गेली तेव्हा तो बटाटे सोलत होता. मी बटाट्याची पोती उचलायच्या निमित्ताने तिच्याबरोबर होतो.

"भावोजी, माझं घर हलवायचंय."

"तुमचं घर आहे तिथं बरं आहे, वहिनी. मी बाहेरून नीट पाहिलंय."

"ते माहीत आहे मला. नऊही रात्री दिसलात. खिडकीतून तुमची टोपी दिसायची, पाणी गळताना."

त्याने बराच वेळ एकच बटाटा सोलला.

"लुसेरो म्हातारा झालाय," तो म्हणाला. लुसेरो म्हणजे उजवीकडचा बैल, पाय मोडलेल्याच्या जागी आणलेला.

"आपण तरी कुठं कोवळे आहोत?"

"हाळी कोण देणार?"

"तुम्ही. तुम्ही म्हणाल तेव्हाच ओढायचं."

"तेव्हाही असंच ठरलं होतं."

"चूक यांची होती, भावोजी. घरी आल्यावर रडले होते. तुम्हाला सांगायचं त्यांना जमलं नाही. मी सांगते."

आब्दोनने बटाटा पाण्यात टाकला आणि पायाने तिच्याकडे स्टूल सरकवलं.

साहेबांनी ठरवलेलं शाळेचं उद्घाटन दुपारी होतं. आम्ही सकाळीच ओढायला लागलो. कुलूप काढून जुनी चूल परत आत बसवली होती, खिडक्यांच्या काचा काढून गाद्यांत गुंडाळल्या होत्या, आत आडव्या तुळया ठोकल्या होत्या. आब्दोन पुढे चालत होता. तो हाळी देई, बैल वाकत, दोर ताणला जाई आणि शाळा कण्हत हातभर सरके. स्मशानाजवळच्या चढावर ओंडका रुतला. सगळे ओरडायला लागले. आब्दोनने हात वर केला, सगळे गप्प झाले. तो लुसेरोच्या कानाशी काहीतरी बोलला, मग हाळी दिली. शाळा चढ चढली.

माथ्यावर जू काढलं तेव्हा लुसेरो दारासमोरच खाली बसला. मग आडवा झाला, तो उठलाच नाही. आब्दोन त्याच्याजवळ बसून राहिला.

दुपारी साहेब होडीतून फीत आणि फोटोग्राफर घेऊन उतरले. किनाऱ्यावर पायाचे दगड होते आणि त्यांच्यामध्ये पिवळं पडलेलं गवत. साहेबांनी वर पाहिलं. टेकडीवर त्यांच्या वारशाच्या धुराड्यातून धूर निघत होता.

ते धापा टाकत चढून आले तेव्हा पाऊस लागला होता. आत अकॉर्डियन सुरू होता.

"कुणाच्या परवानगीने? ही इमारत आहे कुणाची?"

सगळ्यांनी दारासमोरच्या गवताकडे पाहिलं. एदेल्मिरा तिथे दिराशेजारी बसली होती, मांडीवर सुपाची दोन वाडगी, दोन्ही भरलेली. तिची शाल बैलावर होती.

"माझी," ती म्हणाली. "पाय पुसून आत जा, साहेब. चुलीजवळ जागा आहे."

साहेब पाय पुसून आत गेले. एदेल्मिराने एक वाडगं आब्दोनच्या हातात दिलं आणि बैलाच्या उघड्या डोळ्यावर पाऊस पडत होता, तिथे आपला तळवा धरला.