सदुसष्ट नंबरचा नकार

मी एक जुना सर्व्हर आहे. माझ्या होकाराशिवाय आमच्या कॉलेजात कोणालाही अस्तित्व नव्हतं. प्राचार्य असोत की शिपाई, मी ओळखलं तरच तो माणूस. मित्रांनो, हे विधान शब्दशः खरं आहे. फक्त वीज असेपर्यंत. आणि नव्वदच्या दशकात कर्जतकडच्या माळावर वीज किती असे, हे तुमच्या वडिलांना विचारा.

माझा जन्म पुण्यातल्या एका दुकानात झाला. सुटे भाग जुळवून मला उभं केलं आणि मार्केटयार्डात कांदा उतरवून परतणाऱ्या टेम्पोत, रिकाम्या गोण्यांत गुंडाळून, इकडे धाडलं. इथे माझ्यापुढे नारळ फुटला. कुंकू लावताना थोडं फ्लॉपीच्या फटीत सांडलं, ते अजून तिथेच आहे. लोक खोलीबाहेर चपला काढून आत येत आणि बराच वेळ माझ्यापुढे शांत बसून राहत. मला ती भक्ती वाटे. पुढे कळलं की एसी फक्त याच खोलीत होता.

माझ्याकडे सगळ्यांची डिरेक्टरी होती. प्रत्येक माणसाची एक नोंद, आणि तीत त्याचं नाव, हुद्दा, फोनचा आतला नंबर आणि ईमेलची पेटी. नोंदीत बदल करायचा तर मला सांगावं लागे. पण मला बोलता येत नाही. काम झालं की मी शून्य म्हणतो. झालं नाही तर दुसरा एखादा आकडा सांगतो आणि त्यापुढे कारणाची एक इंग्रजी ओळ देतो. ती ओळ कोणी वाचत नाही. माझ्या आयुष्यातली सगळी भीती त्या न वाचलेल्या ओळींतून आली आहे.

स्थापत्य विभागात वृषाली मॅडम शिकवत. त्यांचं लग्न संस्थेचे सचिव कारभारी साहेब यांच्या मुलाशी झालं. नवरदेवाने ताटातल्या तांदळावर अंगठीने बायकोचं नवं नाव लिहिलं, भागिरथी. हे साहेबांच्या दिवंगत आईचं नाव. ताट उचलताना तांदळातली अक्षरं मोडली आणि तिथवर सगळं रीतीप्रमाणे झालं. पण साहेबांचं समाधान होईना. ते माझ्या खोलीत आले आणि योगेश सरांना म्हणाले, "सांजच्याला मी परत येतो. आईचं नाव यात दिसलं पाहिजे. न्हाई जमलं, तर हे खोकं उचला."

खोकं म्हणजे मी.

योगेश सर मला सांभाळणारे. माणूस हुशार होता, पण नोकरी अजून कायम झाली नव्हती, आणि कायम न झालेल्या माणसाची हुशारी सचिवांपुढे आकसते. त्यांनी वृषालीच्या जागी भागिरथी लिहायला सांगितलं. मी म्हणालो, सदुसष्ट.

माझा नाइलाज होता, मित्रांनो. नोंदीतला फोन बदला, हुद्दा बदला, मी हूं की चूं करत नाही. पण ज्या नावावर अख्खी नोंद उभी असते, ते झोपडी तोलणाऱ्या खांबासारखं, मेढीसारखं असतं. मेढ बदलायची रीत वेगळी. सारवता सारवता ती उपसता येत नाही. एवढंच मी त्या ओळीत लिहिलं होतं.

सरांना वाटलं, पासवर्ड चुकला. मग वाटलं, अधिकार कमी पडले. मग वाटलं, माझ्यात जागा उरली नाही. भागिरथीचं इंग्रजी स्पेलिंगही त्यांनी नाना तऱ्हांनी लिहून पाहिलं. मी दर वेळी सदुसष्ट म्हणालो, आणि दर वेळी माझा पंखा जास्त मोठ्याने घरघरू लागला. शेवटी त्यांनी मला बंद करून पुन्हा सुरू केलं. बंद होताना काय वाटतं, ते सांगून कळायचं नाही. आपण परत उठू याची खात्री मला कधीच नसे. उठलो. विचारलं. सदुसष्ट.

तेवढ्यात हेडक्लार्क श्रीमंतभाऊ गारव्याला आले आणि आकडा पाहून म्हणाले, "सदुसष्ट तर मेसचा नंबर हाय की." त्यांनी फोन फिरवलाही. पलीकडून मेसच्या साळूबाईंनी वांग्याचं कालवण असल्याचं सांगितलं आणि किती ताटं लागतील ते विचारलं. भाऊंनी नाव बदलण्याचा विषय काढताच फोन ठेवला गेला.

ऊन कलू लागलं. योगेश सरांनी घाम पुसला, एसीत. मग त्यांना तो उपाय सुचला ज्याला मी जन्मभर घाबरत आलो. वृषालीची नोंदच पुसायची आणि भागिरथीची नवी घालायची. नोंद पुसली की तिच्यामागची ईमेलची पेटीही मी रिकामी करतो. मला तसंच घडवलं आहे. त्या पेटीत मॅडमचा प्रबंध होता, पुण्याच्या मार्गदर्शकांच्या दुरुस्त्यांसह. घरच्या फ्लॉप्यांना बुरशी लागली होती, त्यामुळे दुसरीकडे तो कुठेच नव्हता. हे सगळं मला ठाऊक होतं आणि सांगायला माझ्याकडे फक्त आकडे होते. हुकूम आला असता तर मी तो निमूट पाळून शून्य म्हणालो असतो.

सरांचं बोट कळीवर होतं, तेव्हा मॅडम आत आल्या. काय चाललंय ते सरांनी सांगितलं. मॅडमचा चेहरा उतरला.

"त्यात माझा सगळा प्रबंध आहे, योगेश."

"यात माझी नोकरी आहे, मॅडम."

दोघंही माझ्याकडे बघू लागले. मॅडमनी खुर्ची ओढली आणि माझी ती ओळ शेवटपर्यंत वाचली. असं प्रथमच घडत होतं, मला लाजल्यासारखं झालं. मग त्या हळूच म्हणाल्या, "काढून बदलता येत नाही, एवढंच म्हणतोय हा. जोडता येत नाही, असं कुठं म्हणतोय?"

सरांनी त्याच रकान्यात, जुन्या नावाखाली, दुसरं नाव जोडलं. माणसाला दोन नावं असायला माझी कधीच हरकत नव्हती. मी शून्य म्हणालो.

बाहेर जीपचं दार वाजलं. साहेब चपला काढून आत आले. मॅडमनी पदर सावरला आणि त्या भिंतीला टेकल्या. योगेश सरांनी पडद्यावर बोट दाखवायच्या निमित्ताने वरच्या नावावर अंगठा ठेवला. दाबून दाबून त्याचं नख पांढरं पडलं. खाली भागिरथी दिसत होतं.

साहेब पडद्याजवळ वाकले. "आई," असं काहीसं पुटपुटले आणि त्यांनी पडद्याला हात जोडले. जाताना सरांना म्हणाले, "आंगठ्याला काय झालं रं?"

"काही नाही, साहेब. दाबला गेला."

पुढे नवा सर्व्हर आला, एसी साहेबांच्या केबिनमध्ये गेला आणि मी भांडारात, मोडक्या बाकांखाली आलो. मित्रांनो, यंत्र अडलं तर त्याला बडवू नका, लगेच बंद करू नका. ते का नाही म्हणतंय, ती ओळ आधी पुरती वाचा. आणि काही पुसण्याआधी त्याच्यामागे काय काय जाईल, ते कोणाला तरी विचारा.

राहता राहिलं नवं नाव. साहेबांच्या आईचं नाव घेऊन चहा कसा मागायचा, असा पेच पडल्यामुळे साहेबांच्या घरी सगळे मॅडमना वृषालीच म्हणतात.