वारा पडलेली दुपार

वाळूच्या टेकड्यांवरची चेरी वेचायला जायचं ते वाऱ्याला तोंड देऊन. वारा पाठीशी असला की माणसाचा वास त्याच्याआधी पोचतो, झुडूप दचकतं आणि फळ कडू होतं. अमेरिकेच्या माळरानांवरच्या आदिवासी लाकोटा घरातल्या पोराला हे चालायला लागतानाच कळतं.

मॅव्हिसलाही कळत होतं. तरी गेल्या उन्हाळ्यात तिनं टेकडीवरून धूम ठोकली होती. वारा पाठीत ढकलत होता, पळायला मजा येत होती. डबा सगळ्यांच्या आधी भरला. पण घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या ऑर्फाआजीनं त्यातली एकच चेरी तोंडात टाकली, तोंड वाकडं केलं आणि बी थुंकली.

"पुढच्या वर्षी बघू," एवढंच ती म्हणाली.

आणि मॅव्हिसचं नाव राहून गेलं. मॅव्हिस हे शाळेतलं नाव. खरं, लाकोटा नाव त्यांच्या घरात ऑर्फाआजीच देई, आणि ज्याला नाव हवं त्यानं स्वतः वेचलेली चेरी आणायची ही तिची अट. नाव द्यायच्या समारंभाला उद्या पुन्हा सगळे जमणार होते. पण आता ऑर्फाआजीला खाटेवरून खुर्चीवर उचलून ठेवावं लागत होतं. यंदाही ती 'पुढच्या वर्षी' म्हणाली तर? मॅव्हिसला त्यापुढचा विचारच करवेना.

आणि आज नेमका वारा पडलेला.

पानही हलत नव्हतं. टेकडीच्या पायथ्याशी गाडी उभी होती आणि वर उतारभर गुडघ्याएवढी झुडपं काळ्या-जांभळ्या फळांनी वाकून वाळूला टेकली होती. मॅव्हिसनं मूठभर वाळू उडवून पाहिली. ती सरळ खाली पडली.

"आजी, आता कुठून जायचं गं?"

तिला इथं घेऊन आलेली तिची सख्खी आजी, लिओटाआजी, गाडीच्या सावलीत पाय पसरून बसली होती. "मला काय विचारतेस? वाऱ्याला विचार."

"तो नाहीच आहे!"

"मग येईल तेव्हा विचार."

मॅव्हिसचा चुलतभाऊ ड्वेन गाडीच्या मागच्या फळीवर पाय हलवत बसला होता. "हिला नाव मिळेपर्यंत ही म्हातारी होणार, आजी. मग हिलाच ऑर्फाआजी म्हणू, नवं नाव शोधायला नको!"

"तुला नाव मिळालं तेव्हा तू रडत होतास," लिओटाआजी डोळे न उघडता म्हणाली. "सांगू का हिला कशासाठी?"

ड्वेन टुणकन उतरला आणि ओढ्यावर पाणी आणायला निघून गेला.

दुपार मधासारखी दाट झाली. लिओटाआजी घोरू लागली. गवताचा रंग हळूहळू बदलत होता, टेकड्या झोपलेल्या जनावरांच्या पाठींसारख्या दिसत होत्या, आणि त्या श्वास घेतायत असंही मधूनच वाटत होतं. कुंपणाच्या खांबावर पिवळ्या छातीचा पक्षी येऊन बसला. ते पक्षी लाकोटा भाषेत बोलतात. हा काय बोलला ते मात्र मॅव्हिसला नीट कळलं नाही. थट्टा करत असावा.

सावल्या लांबल्या. बघायला कुणी नव्हतं. चार ढांगांत वर जाऊन डबा भरता आला असता. वारा नव्हताच, मग चूक तरी कसली? ती उठली, पहिल्या झुडपाशी गेली, हातही पुढे केला. तेवढ्यात ऑर्फाआजीचं वाकडं झालेलं तोंड तिच्या डोळ्यांपुढे आलं. तिनं हात मागे घेतला आणि हिरमुसून तिथेच वाळूत पालथी पडली.

गाल वाळूला लागला. वाळू अजून उबदार होती. आणि त्या उबेवरून काहीतरी गार, बारीक, पाण्याच्या धारेसारखं घरंगळत आलं आणि तिच्या पापण्यांना लागलं.

ती उठून बसली. काही नाही. पुन्हा पालथी झाली. होतं! टेकडीच्या माथ्यावरून निवलेली हवा वाळूला चिकटून गुपचूप खाली येत होती. उभ्या माणसाला ती कळलीच नसती. ती फक्त झुडपांच्या उंचीची होती.

मॅव्हिस पोटावर सरपटत वर निघाली, तो गारवा तोंडावर घेत. चेऱ्या आता तिच्या डोळ्यांसमोर लोंबत होत्या, एकेक हलकेच हातात येत होती. टोकाच्या फांद्या तिनं पाखरांना ठेवल्या. अंधारून आलं तेव्हा डबा अर्धाच भरला होता. चाखायचं तर ती विसरूनच गेली.

सकाळी लिओटाआजीनं चेरी उकळून, बिया काढून, पीठ लावून दाट गोड खीर केली आणि तळलेल्या भाकऱ्यांचा ढीग रचला. ओंजळभर फळं तशीच ठेवली. सगळे अंगणातल्या मांडवात जमले तेव्हा मॅव्हिसनं ती खुर्चीतल्या ऑर्फाआजीपुढे धरली.

ऑर्फाआजीनं एक चेरी तोंडात टाकली. बराच वेळ चघळली.

"काल तर वारा नव्हता," ती म्हणाली. "कुठून गेलीस?"

"खालून. पोटावर. वाळूजवळ थोडासा होता."

"सरपटत?"

"हो."

"सापीण!" ड्वेन मागून पुटपुटला, आणि पहिली हसली ती ऑर्फाआजीच, खोकला येईपर्यंत. मग तिनं एक चेरी मॅव्हिसच्या ओठांत ठेवली. आधी जीभ किंचित आवळली, आणि मग सबंध तोंडभर गोडवा पसरला.

म्हातारीनं तिला जवळ ओढलं, केसांत गरुडाचं पीस बांधलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं नाव उच्चारलं: वाऱ्याला सामोरी जाणारी.

मांडवाच्या कडेनं कुठूनशी झुळूक आली. पीस हललं. मुलीनं आपसूक त्या बाजूला तोंड वळवलं.