बोखुमच्या फुटपाथवरचा ड्रम

मी एक जुना ड्रम आहे. निळं अंग, पितळी कडा आणि तोंडावर काठ्यांचे असंख्य वळ. वळांची मला लाज नाही, मित्रांनो. ती माझी कमाई आहे.

विब्केने मला घेतलं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. जर्मनीतल्या आमच्या बोखुम शहरात तेव्हा संगीताची नवी लाट आली होती. पोरं इंग्रजी सोडून आपल्या जर्मनमध्ये गाऊ लागली होती. विब्के मला बडवता बडवता स्वतःची गाणी म्हणायची. ट्रामवरची, कपडे धुण्याच्या यंत्रावरची, एका खडूस मास्तरांवरची. लोक बेभान नाचायचे. मी तर हवेतच होतो.

मग रेकॉर्ड कंपनीचे एक साहेब तिला म्हणाले, "ठेका यंत्र देईल. तू पुढे उभी राहा आणि गोड हस." विब्के पुढे गेली, मी तळघरात गेलो. तीन वर्षं ओल खात पडलो. राग आला होता, खोटं कशाला बोलू?

पुढे लाट ओसरली. कंपनीने विब्केला हॅम्बुर्गला बोलावून नारळ दिला. ती परतण्याआधीच इकडे घरमालकीणबाईंनी तळघर आवरायला काढलं. सकाळी अडगळ न्यायला पालिकेची गाडी येणार होती. "आता यंत्र वाजतं, याला कोण विचारतंय?" म्हणत बाईंनी मला फुटपाथवर मोडक्या सोफ्याशेजारी ठेवलं. सकाळी गाडीने एक कपाट कडाकडा चिरडलं. माझी तर पाचावर धारण बसली.

इतक्यात शेजारचे पिओंटेककाका पाव घेऊन आले. आयुष्य कोळशाच्या खाणीत काढलेला माणूस. मला पाहून ते थबकले आणि मला मांडीवर घेऊन सोफ्यावर ठाण मांडून बसले.

"आजोबा, उठा. सोफा न्यायचाय," गाडीवरचा एक कामगार म्हणाला.

"न्या की! आधी आम्हा दोघांना उठवून दाखवा."

कामगार वैतागले, हसले, दुसरं सामान भरू लागले. तेवढ्यात विब्के स्टेशनवरून आली. मला पाहून ती धावतच सोफ्यापाशी आली.

"काका, तुम्हाला तर याचा त्रास व्हायचा!"

"व्हायचाच. भिंतीपलीकडून डोकं उठवायचीस. पण गाणं तुझं वाटायचं. टीव्हीवर नुसती हसत होतीस, ती कोण होती देव जाणे. घे हा, आणि मला हात दे, पाय बधिर झालाय."

हुश्श! विब्केने मला छातीशी धरलं तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

आता आम्ही छोट्या सभागृहांत वाजवतो. समोर पन्नास-साठ माणसं असतात. ती गाते, मी तिच्या हाताखाली असतो. एवढं मला पुष्कळ आहे.

मित्रांनो, एखादं जुनं वाद्य टाकायला निघालात, तर दाराबाहेर ठेवण्याआधी एकदाच वाजवून पाहा. बहुतेक तुम्हीच ते परत आत न्याल.