अस्पष्ट चित्रांची टोचणी

मी एक जुने एमआरआय यंत्र आहे, मित्रांनो, आणि बसल्या जागी माझा जीव कायम टांगणीला लागलेला असतो. प्लोवदिव शहरातल्या एका दवाखान्यात चौदा वर्षे मी माणसांच्या मेंदूची चित्रे काढतो आहे. नवा होतो तेव्हा माझ्यासमोर फुले ठेवली गेली. आता माझ्या खडखडाटाला सगळे नाके मुरडतात. त्याचे मला दुःख नाही. मला छळते ती रालित्सा.

सात वर्षांच्या या मुलीला दिवसातून दहा-दहा अपस्माराचे झटके येत. औषधे हरली होती. बिघाडाची नेमकी जागा दिसल्याशिवाय सर्जन हात लावायला तयार नव्हते, आणि ती जागा दाखवणे माझे काम होते. गेल्या वर्षी मार्चमध्ये ती आली, तेव्हा मला चालवणाऱ्या झिव्कोकाकांनी तिच्या मनगटावरची मार्तेनित्सा कात्रीने कचकन कापली. एक मार्चला बांधलेला, मणी ओवलेला हा लाल-पांढरा लोकरी दोरा करकोचा दिसेपर्यंत सोडायचा नसतो. पण बाहेर रांग होती आणि काकांना घाई होती. पोर माझ्या पोटात हुंदके देत हलत राहिली. चित्रे अस्पष्ट आली आणि अहवाल गेला, "दोष नाही."

या वर्षी मार्चमध्ये ती पुन्हा आली. काकांनी कात्री उचलताच तिने हात पाठीमागे लपवला.

"करकोचा दिसला नाही अजून! मागच्या वर्षी तुम्ही तोडलीत, म्हणून मी बरी झाले नाही!"

"अगं बाई, यंत्र लोखंड ओढतं! आणि तू तर नुसती वळवळतेस."

मेंदूच्या डॉक्टर बिल्याना पुढे आल्या. "काका, लोकर कुठे ओढली जाते? धातूचा मणी तेवढा काढा. आणि आज घाई नको, चित्रांचे पातळ काप घ्या."

त्यांनी मणी सोडवला आणि दोरा पुन्हा बांधला. रालित्सा पाऊण तास निपचित पडून राहिली. मी मात्र आतून तळमळत होतो. याही वेळी दिसले नाही तर?

दिसले! चीज भरलेल्या बानित्सा पेस्ट्रीचे पापुद्रे एका ठिकाणी चिकटून गोळा व्हावेत, तशी मेंदूच्या सालीची एक घडी तळाशी जाड झाली होती. ती आईच्या पोटातच चुकीची घडली होती.

काका पडद्याजवळ आले. "माझ्या घाईचं खापर मी पोरीच्या डोक्यावर फोडलं."

उन्हाळ्यात शस्त्रक्रिया झाली. शरद ऋतूत रालित्सा तपासणीला आली तेव्हा तिची आई मिलेना रडत म्हणाली, "दहा आठवडे झाले, काका. एकही झटका नाही."

सगळे हसले, पण मला चैन पडेना. चौदा वर्षांत अशी किती पोरे मी रिकाम्या हाताने परत पाठवली असतील? मित्रांनो, मला पुसा, दुरुस्त करा, पण त्याआधी माझ्यात झोपणाऱ्या मुलाला वेळ द्या. "दिसले नाही" म्हणजे "नाही" असे नसते.

हे काकांनाही उमगले असावे. हल्ली दुपारी ते आणि बिल्यानाताई जुनी अस्पष्ट चित्रे काढून बसतात. काल काकांनी त्यातल्या एका मुलाच्या घरी पहिला फोन लावला.

"मुलाला परत घेऊन याल का? तो हलला, यात त्याची चूक नव्हती. आम्ही नीट पाहिलं नाही."