दोनदा थोपटलं

माझ्या नणंदेला घरात सगळे छोटी म्हणतात. लहानपणी असेलही छोटी, मी काही पाहिलेली नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा ती दारात उभी होती आणि पलीकडचं घर दिसत नव्हतं. बेकरीत रोज मणभर पीठ मळून तिचे दंड माझ्या मांडीएवढे झालेत. मनाने मात्र लोण्याहून मऊ. हे मी आज सांगतेय, पण त्या गुरुवारी मला ते आठवलं नाही.

टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये आमचा कुस्तीचा वर्ग भरतो. जमिनीवरची कुस्ती. उभ्याने धक्काबुक्की नाही, मॅटवर लोळूनच काय ते. आधी माझी लेक जायला लागली. तिला सोडून मी बाकावर तासभर बसायची, हातात कुणाच्या तरी पँटची पट्टी उसवत. कपड्यांची दुरुस्ती हा माझा धंदा, त्यामुळे काम कधी संपत नाही. एकदा छोटी बेकरीतून थेट तिथे आली आणि म्हणाली, “वहिनी, बसून कंबर धरण्यापेक्षा लोळून धरू दे की!” झालं. नणंद-भावजया घरात भांडतात, आम्ही फी भरून भांडायला लागलो.

आणि आठ महिने मी खालीच होते.

छोटी छातीवर बसली की संपलं. मास्तरांनी सुटका शिकवली होती, मला ती झोपेतही पाठ होती. वरच्या बाईने हात पुढे टाकला की तो दोन्ही हातांनी छातीशी पकडायचा. त्याच बाजूचा तिचा पाय आपल्या पायाने बाहेरून अडवायचा. मग कंबर वर उचलायची आणि त्याच खांद्यावरून लोळायचं. एका बाजूचे हातपाय बांधलेलं माणूस त्या बाजूला पडतंच, वजन कितीही असो. मास्तर म्हणायचे, पलंगाचा एक पाय काढला की पलंग तिकडेच कलतो. पण माझा पलंग ऐंशी किलोचा होता आणि वर बसून विचारायचा, “वहिनी, बरं वाटतंय ना खाली? चहा मागवू?”

सगळे हसायचे. माझी लेक सर्वांत मोठ्याने.

खऱ्या झटापटीत जो अशी सुटका करून दाखवेल त्याच्या कमरेच्या पट्ट्याच्या टोकाला मास्तर पांढरी चिकटपट्टी लावायचे. लेकीच्या पट्ट्याला तीन, छोटीच्या दोन, आणि माझा पट्टा धुऊन ठेवलेल्या पाटीसारखा कोरा. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी चिकटपट्टीच्या तुकड्यासाठी जीव जळावा, हे सांगायलासुद्धा लाज वाटते. पण जळत होता.

त्या गुरुवारी छोटीने नेहमीप्रमाणे मला खाली घातलं, माझा हात कोपरात वाकवून मॅटवर दाबला आणि खांदा असा पिळला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी तिच्या बरगडीवर थोपटलं. दोनदा. आमच्याकडे एवढा एकच नियम देवासारखा पाळतात: समोरच्याने दोनदा थोपटलं की सोडायचं. हळू थोपटलं का जोरात, मनापासून का उगाच, विचारायचं नाही. या भरवशावर तर आपण आपलं मनगट, आपली मान दुसऱ्याच्या हातात देतो.

छोटीने तत्क्षणी सोडलं. एवढंच नाही, माझे केस घामाने तोंडावर चिकटले होते ते बाजूला करायला तिने छातीवर बसूनच हात पुढे केला.

नेमके तेव्हाच मास्तर आमच्याकडे वळले.

मी तो हात पकडला. माझे केस सारायला आलेला हात. छातीशी धरला, तिचा पाय अडवला, कंबर उचलली आणि लोळले. छोटी अलगद पडली. पडेल नाही तर काय? ती लढतच नव्हती. मी तिच्यावर बसले आणि मास्तरांनी टाळी वाजवली. “शाब्बास! आठ महिन्यांनी का होईना!” सगळे धावत आले. लेकीने मला मिठी मारली. मास्तरांनी खिशातून चिकटपट्टी काढून तिथल्या तिथे माझ्या पट्ट्याला लावली. आता सांगू, मग सांगू असं करत मी ती लावून घेतली.

खाली उतरताना, जिन्यात, लेक पुढे गेल्यावर छोटीने हळूच विचारलं.

“वहिनी, मला वाटलं तू थोपटलंस.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मी हसून कबूल केलं असतं तर तिने पाठीत एक धपका घातला असता आणि विषय तिथेच संपला असता. माझ्या जिभेला काय झालं होतं कोण जाणे.

“नाही गं,” मी म्हटलं. “हात घसरला असेल.”

“असेल,” ती म्हणाली.

त्यानंतर दोन आठवडे छोटी वर बसून चहाचं विचारेना. मी थोपटलं की सोडायची, पण आधी विचारायची, “थोपटलंस ना?” इतरांनाही विचारायला लागली. मास्तर एकदा म्हणाले, “काय गं, कान गेले का अंगाचे?” ती ओशाळून हसली. मी खाली बघून पट्ट्याची गाठ आवळली.

मग आणखी एक गुरुवार आला. लेकीची शाळांमधली स्पर्धा तीन आठवड्यांवर होती. वर्षभर ती तिच्यासाठी मरमर मरत होती. छोटीने तिचा हात धरून कोपर उलटं ताणायचा डाव घातला होता. मी दोन हातांवर उभी होते, मला स्पष्ट दिसलं. लेकीने आत्याच्या मांडीवर थोपटलं, दोनदा, हलकेच. आत्याबरोबर ती नेहमी हलकेच थोपटायची, कारण आत्या नेहमी सोडायची.

छोटी सोडायच्या आधी थांबली. एक क्षण, फार तर दीड. मग लेक ओरडली.

डॉक्टरांनी सांगितलं, हाड शाबूत आहे पण कोपरातला सांधा ताणला गेलाय. सहा आठवडे हात गळ्यात. स्पर्धा विसरा.

घरी आल्यावर माझ्या नवऱ्याने आपल्या बहिणीला जे बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. “तुझं वजन किती, तिचं वय काय! पोरगी आहे की कणकेचा गोळा?” छोटी मान खाली घालून उभी होती. “चुकलं माझं, दादा,” एवढंच म्हणत राहिली. तिने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं, मी निदान चिडले तरी असते. मी ओट्यापाशी उभी राहून कोरडा पेला परत परत पुसत होते. मास्तरांनी तिला वर्गात येऊ नको म्हणून कळवलं. मी तेही ऐकून घेतलं.

दोन दिवस मी दुकानात बसून लोकांच्या शिवणी उसवल्या. झिप लावली ती उलटी लावली. एका गिऱ्हाइकाने विचारलं, “बाई, तब्येत बरी नाही का?” मी म्हटलं, बरी आहे. खोटं बोलायची आता सवयच लागली होती. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली होती आणि चोर सुई-दोरा घेऊन बसला होता. सांगितलं तर लेक काय म्हणेल, याचीच मला भीती. न सांगितलं तर छोटीचं काय, हा प्रश्न दुसरा यायचा. पहिला नाही, दुसरा. ते मला दिसत होतं आणि स्वतःची किळस येत होती.

रविवारी सकाळी मी लेकीची वेणी घालायला बसले होते. एका हाताने तिला जमत नव्हतं. तेवढ्यात छोटी आली, हातात गरम पावांची पिशवी. दारातच उभी राहिली. लेकीने भिंतीकडे तोंड फिरवलं.

“खाऊन घे गं. गरम आहेत,” छोटी म्हणाली.

लेकीने पिशवीकडे पाहिलंही नाही. मग भिंतीकडे बघतच म्हणाली, “आत्या, तू नेहमी सोडतेस. मी थोपटलं होतं. तुला खरंच कळलं नाही?”

“कळलं होतं, बाळा.”

“मग?”

छोटीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “मला वाटलं, हात घसरला असेल.”

माझं वाक्य. जसंच्या तसं. माझ्या हातातला कंगवा लेकीच्या केसांत तसाच राहिला. छोटीने ते मुद्दाम म्हटलं नव्हतं, टोमणा तिला येतच नाही. तिला फक्त दुसरं कारण माहीत नव्हतं.

“मी थोपटलं होतं,” मी म्हटलं.

दोघींना काही समजलं नाही. लेक म्हणाली, “तू कधी? तू तर मॅटवर नव्हतीस.”

“त्या दिवशी. पट्टी मिळाली त्या दिवशी. मी हार मानली होती, दोनदा थोपटलं होतं. आत्याने सोडलं, आणि मास्तर बघतायत म्हणून मी तिला उलटवलं. नंतर तिने विचारलं तर हात घसरला म्हणून सांगितलं. तुझं कोपर तिने नाही दुखवलं. मी दुखवलं.”

एवढं बोलताना माझा चेहरा तव्यासारखा तापला होता. मला वाटलं छोटी आता बोलेल, ओरडेल, निदान पिशवी आपटेल. तिने खांद्यांवरून ओझं उतरवल्यासारखा मोठा श्वास सोडला.

“म्हणजे माझं बरोबर होतं,” ती म्हणाली. “वहिनी, मला तेव्हा अगदी स्पष्ट कळलं होतं. पण तू नाही म्हणालीस. तू कशाला खोटं बोलशील? मग मला वाटलं, माझ्याच अंगाला समजेनासं झालंय.”

तिने मला माफ केलं की नाही, मी विचारलं नाही. तिने माझ्या शब्दापुढे स्वतःच्या अंगाला खोटं ठरवलं होतं. त्यावर माफी कुठल्या तोंडाने मागायची?

लेकीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ती रडत नव्हती. रागावलेलीही दिसत नव्हती. दुकानात नवी बाई आली की आपण तिला बघतो, तसं ती मला बघत होती.

“गुरुवारी मास्तरांना सांगशील?”

“सांगेन.”

“सगळ्यांसमोर?”

“सगळ्यांसमोर.”

तिने चांगला हात मागे नेला, केसांत अडकलेला कंगवा काढला आणि माझ्यासमोरून उठली. सरकत सरकत छोटीच्या पुढ्यात जाऊन बसली आणि कंगवा तिच्याकडे दिला.

“आत्या, तू घाल वेणी,” ती म्हणाली. “घट्ट झाली तर मी थोपटेन.”