डालग्यावरचा दगड

मित्रांनो, मी एक जुनं डालगं आहे. कोंबड्या झाकायची बांबूची मोठी टोपली. इतर टोपल्या उपड्या पडल्या की त्यांचं काम संपतं. मला उपडं घातलं की माझं सुरू होतं. व्याकरणात मी नपुंसकलिंगी आहे, पण तसं बोलायला गेलो की जीभ अडखळते. म्हणून मी 'होतो', 'गेलो' असंच म्हणणार. बाईंनी गुण कापू नयेत.

माझा जन्म सातपुड्यात, दिवाल्या नावाच्या कारागिराच्या अंगणात झाला. विणून झाल्यावर तो माझ्यावर चढून उभा राहिला. ही माझी परीक्षा. मी मोडलो नाही, म्हणजे पास झालो. पुढे माझ्या मजबूतपणाची फार स्तुती झाली. ती आता मला ऐकवत नाही. का, ते कळेलच.

शहाद्याच्या बाजारात भिकुबाईंनी मला घेतलं. एसटीत कंडक्टर म्हणाला, "मावशी, याचं तिकीट लागेल."

"मंग त्याले खिडकीजोडे बसाड," भिकुबाई म्हणाल्या.

आमचं गाव एका लहान धरणाच्या पायथ्याशी आहे. भिकुबाईंचा मुलगा नवनीत सुरतला कामाला. घरात त्या, पाच कोंबड्या आणि फौजदार नावाचा कुत्रा. फौजदार नावापुरताच. मुंगूस आलं की तो चौकशीला दुसऱ्या गल्लीत जायचा. त्यामुळे कोंबड्या माझ्याखाली आणि माझ्या डोक्यावर फुटक्या जात्याचा अर्धा दगड, अशी व्यवस्था होती. नऊ वर्षांत मुंगसाला माझ्याखालून एक पीस मिळालं नाही.

त्या पाचांत एक लंगडी होती. तिनं अंडी देणं कधीच सोडलं होतं. दुपारी ती भिकुबाईंच्या पदरावर झोपायची. तिच्याकडे बघून मसाल्याचा विषय काढणाऱ्या पाहुण्याला त्या दिवशी वरण मिळायचं.

गेल्या वर्षी जूनमध्ये एक साहेब घरोघरी यादी करायला आले. आपत्तीची यादी. त्यांनी विचारलं, "आजी, पाळीव प्राणी आहेत का?"

"नही भाऊ," भिकुबाई म्हणाल्या, "कोंबड्या शेतस, कुत्रं शे."

साहेबांनी पहिला शब्द ऐकला आणि रकान्यात लिहिलं : निरंक. म्हणजे काहीही नाही. सरकारी मराठीत याहून सुबक शब्द नाही.

मग रंगीत तालीम झाली. धरण फुटलं असं समजायचं आणि गाव रिकामं करायचं. तालीम चांगलीच रंगली. खोटा जखमी स्ट्रेचरवरून दोनदा पडला आणि खरा जखमी झाला. भोंगा वाजताच सगळ्यांत आधी भिकुबाई हजर. डोक्यावर मी, तोंड वर करून. आत पाच कोंबड्या, वर जुन्या लुगड्याची गाठ, मागे दोरीनं फौजदार. तिथं आलेल्या सगळ्यांत खरी तयारी एवढीच होती, आणि तिलाच सगळे हसले.

साहेब म्हणाले, "आजी, कोंबड्या नकोत. कागदपत्रं आणायची. आधार, रेशनकार्ड, पासबुक. प्लास्टिकच्या पिशवीत."

"आनि खरं पानी उनं ते?"

"खरं पाणी आलं तरी हेच. टेम्पोत जागा नसते."

भिकुबाई लाजल्या. मला घेऊन परत निघाल्या, तर फौजदार टेम्पोमागे पळत सुटला. त्यालाही सगळे हसले. पुढं दोन महिने गल्लीत हाच विनोद. त्यांचा पुतण्या धर्मेंद्र विचारायचा, "काकू, कोंबड्यास्ना आधार काढं का?"

"काढसू ना. फोटोमा तुन्हापेक्षा बऱ्या दिखतस."

सप्टेंबरात एका दुपारी भोंगा पुन्हा वाजला. या वेळी खरा. धरणाच्या भिंतीतून पाणी झिरपत होतं. स्वयंसेवकाचं नारिंगी जाकीट घालून धर्मेंद्र दारात आला.

"काकू, चाल लवकर! कागद लिधात का?"

"लिधात. कोंबड्या लेऊ का?"

"तालीममा काय सांगेल व्हतं?"

"कागद."

"मंग? सांजलोंग परत येवानंच शे."

भिकुबाईंनी कोंबड्या माझ्याखाली घेतल्या, मूठभर बाजरी जास्तीची टाकली. रिकाम्या गावात मुंगूस सोकावेल म्हणून माझ्यावर दगड नीट बसवला. टेम्पोमागे पळून चाकाखाली येईल म्हणून फौजदारला खांबाला बांधलं. मित्रांनो, हे सगळं त्यांनी मायेनं केलं. सरकारी अहवालात त्याची नोंद नाही, म्हणून मी करून ठेवतो.

पाणी गर्जना करत येतं अशी माझी समजूत होती. ते न विचारता आलं आणि अंगणात पसरलं. आधी बाजरी तरंगली. मग कोंबड्या उभ्या राहिल्या, मग एकमेकींवर चढल्या. सगळ्यांत वर लंगडी होती. बाकीच्यांनी तिला चढू दिलं की ती चढली, ते मला कळलं नाही. बांबू हलका असतो, मित्रांनो. पाण्यानं मला उचलायला सुरुवात केली होती. एक बोट उचललंही. पण डोक्यावर दगड होता आणि मी मजबूत होतो. एकही कामटी सुटली नाही.

पाणी मांडीएवढंच आलं. तेवढ्या पाण्यात माणूस उभा राहून तंबाखू मळतो.

थोड्या वेळानं माझ्याखाली शांत झालं.

फौजदारनं दोरी कुरतडली आणि तो वैरणीच्या गंजीवर चढला. तिसऱ्या दिवशी लोक परतले तेव्हा तो तिथंच होता. भिकुबाईंनी हाक मारली. तो खाली आला नाही.

मग त्यांनी माझ्यावरचा दगड काढला. मला बाजूला केलं. मागे धर्मेंद्र उभा होता, जाकीट हातात घेऊन.

"काकू..." तो म्हणाला.

"तुन्हा काय दोष, बापा," त्या म्हणाल्या. "तालीमले मी नापास व्हयेल व्हतू. आते पास व्हयनू."

अहवाल आला : जीवितहानी निरंक.

यंदा जूनमध्ये पुन्हा तालीम झाली. भिकुबाई मला डोक्यावर घेऊन आल्या, मागे दोरीनं फौजदार. कुणी हसलं नाही. साहेबांनी यादीवरून मान वर न करता विचारलं, "आजी, पाळीव प्राणी?"

भिकुबाईंनी मला खाली ठेवलं. आत फक्त दगड होता. तो दोन्ही हातांनी उचलून त्यांनी साहेबांच्या यादीवर ठेवला.

"हाऊ मन्ह्या कोंबड्यास्वर व्हता," त्या म्हणाल्या. "आते लिखा."

साहेबांना कागद ओढून घेता येईना. त्यांनी दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग पेनाचं टोपण काढून विचारलं, "किती होत्या?"

धर्मेंद्रनं फौजदारला उचलून टेम्पोत ठेवलं, सगळ्यांच्या आधी.

मित्रांनो, तुमच्या घरी कुत्रा असेल, मांजर असेल, एखादी निकामी कोंबडी असेल, तर त्यांची दोरी, डालगं, दाणापाणी आतापासून दाराशी ठेवा. दोरीची गाठ एका ओढीत सुटेल अशी मारा. त्यांना न्यायला सांगितलं नसेल तरी न्या. आणि अगदीच नेता आलं नाही, तर निघताना माझ्यावरचा दगड तेवढा काढून जा.

मला तरंगता येतं.